नवसीची ‘हाय’

(बोईसर स्टेशनबाहेरचा रस्ता, सकाळचे दहा. नवसी उकडलेले करांदे, म्हणजे रानातले कंद, विकते. शेजारी ठमीची सुक्या मासळीची टोपली. समोर उभा प्रवासी लेखक इंद्रजीत, हातात पेपरची रविवारची पुरवणी.)

नवसी : थांबलात कशाला? फुडचं वाचा. मोठ्यानं.

इंद्रजीत : “...दोन महिने देशभरचे रस्ते तुडवले, पण बोईसरची ही करांदेवाली विसरणार नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती हसून ‘हाय’ करते. अनोळखी माणसावर इतकी माया फक्त आपल्याच रस्त्यांवर.” मावशी, फार मनापासून लिहिलंय हो.

नवसी : माज्याशी बोललात कवा तुमी?

इंद्रजीत : बोललो नाही. पलीकडच्या टपरीवर चहा घेत तासभर बघत होतो.

नवसी : गिऱ्हाईक काय इचारत होता, ते आयकलं?

इंद्रजीत : रिक्षांचा गोंगाट होता. तुमचा आवाज तेवढा येत होता.

नवसी : त्यो इचारत होता, करांदे हायेत का. मी बोलत होते, हाय. परातीत होते म्हनून बोलत होते!

इंद्रजीत : अरे देवा. ‘हाय’ म्हणजे ‘आहे’!

ठमी : उजाडलं एकदाचं. मराठी मानूस ना तुमी?

इंद्रजीत : आहे हो, पण वाढलो बंगळुरात. तरी तुम्ही हसत होतात. फोटोत दिसतंय.

नवसी : दाढ ठणकत होती. गालात लवंग धरली होती.

इंद्रजीत : चुकलंच माझं. पण वाईट काही लिहिलं नाही ना? लोकांना केवढं आवडलं!

नवसी : आवडलं तर! कंपनीतली पोरं गाडीवरनं वरडत जातात, ‘हाय मावशी!’ मोबाईल धरतात, करांदा घेत नाय कोन. काल माजे चिमीचा सासरा आलेला, उमरोळीवरनं. त्याच्यासमोर दोगं वरडले. उठला त्यो. चायच्या कपाला हात नाय लावला. बोलला, ‘परक्या मानसांना हाय करता, पेपरात आलंय.’ लेक नांदते माजी त्या घरात!

ठमी : तवापासून गिऱ्हाइकाला बोटानं दाखवते. तोंड उघडत नाय.

इंद्रजीत : मी दुरुस्ती छापायला लावतो. पुढच्या रविवारी. आतल्या पानावर चौकट येईल.

नवसी : केवडी?

इंद्रजीत : अशी... दोन बोटं.

नवसी : फोटो अर्दा पान, नि चूक दोन बोटं? नि चिमीचा सासरा पेपर वाचतो कुठं? त्याला लोकांनी सांगितलं. आज परत यायचाय त्यो, बाजाराला. तुमच्या तोंडानं सांगा त्याला.

इंद्रजीत : माझी अकराची गाडी आहे, सुरतेकडे.

ठमी : जा की. तिकडच्या बाया खोळंबल्या असतील, हाय करायला.

इंद्रजीत : ...किती वाजता येतात ते?

नवसी : येल तवा येल.

इंद्रजीत : तोवर इथंच बसू? खाली?

नवसी : गोनपाट घ्या.

इंद्रजीत : ऊन फार आहे, मावशी.

नवसी : दुपारनंतर सावली येते.