नात्याचा रकाना

हेडमास्तर : तिथं दारातच थांबलात तरी चालेल हो. तिथून आवाज छान येतो.

मावशी : आवाज येतो, सर, पण टेबल येत नाही. अर्ज कशावर भरू?

हेडमास्तर : बरं, या. हळू या. म्हणजे कसं, फरशी ओली आहे.

चिंगी : मावशी, फरशी तर कोरडी आहे.

मावशी : गप गं, चिंगे. सर म्हणतात ना ओली, मग ओली.

हेडमास्तर : वैयक्तिक माझं काहीच म्हणणं नाही, बरं का. बाहेर भिंतीवर 'सर्व मुले समान' लिहिलंय ना, ते मीच रंगवून घेतलं. पण तुमच्या वसाहतीत तो, तो जो आजार आहे...

मावशी : महारोग म्हणा, सर. तोंडाला नाही लागत तो.

हेडमास्तर : तेच ते. पालकांच्या मनात शंका येतात.

मावशी : म्हणून तर तुम्ही डॉक्टरचा दाखला मागितलात. आणला. पोरीला रोग नाही, कधी नव्हता, शिक्क्यासकट लिहिलंय.

हेडमास्तर : वाचला मी. अगदी स्वच्छ दाखला आहे. तीच तर पंचाईत झालीय! शाळेतल्या एकाही मुलाकडे असा दाखला नाही. उद्या लोक विचारतील, हिच्याकडेच कसा?

मावशी : तुम्ही मागितलात म्हणून.

हेडमास्तर : ते आपल्यातलं झालं.

मावशी : सर, आज पाचवी खेप आहे माझी. नावं घालायचा आजचा शेवटचा दिवस. आज हिचं नाव लागलं नाही, तर उद्या बालकल्याण समितीची गाडी येऊन हिला लांबच्या अनाथाश्रमात नेणार. हिची आई वसाहतीत माझ्या शेजारच्या हातमागावर बसायची. आधी हिचा बाप गेला, गेल्या वर्षी आई गेली. तेव्हापासून ही माझ्या कुशीत झोपते. मला ती पाठवायची नाही, बास.

हेडमास्तर : भावना समजतात. पण त्यात वाईट काय? तिथं तिला तिच्यासारखी मुलं भेटतील.

मावशी : तिच्यासारखी म्हणजे? दोन वेण्यांची?

हेडमास्तर : (घसा खाकरून) बरं. शाळेनं अडवलं असं कुणी म्हणायला नको. अर्ज टेबलावर ठेवलाय. मजकूर भरून झाला की खाली पालकाचा अंगठा.

मावशी : द्या ते पॅड.

हेडमास्तर : पॅड वाळलंय.

चिंगी : ओलं दिसतंय की.

हेडमास्तर : वरून ओलं दिसतं, बाळ. आतून वाळलेलं असतं. आणि ते सगळ्याच पालकांचं आहे ना, सार्वजनिक वस्तू. कारकून असते तर त्यांनी काहीतरी मार्ग काढला असता. पण तुम्ही येणार हे कळलं आणि बिचारे सकाळपासून आजारीच पडले.

मावशी : अगं बाई. कशानं?

हेडमास्तर : कळत नाही अजून.

मावशी : राहू द्या तुमचं पॅड. मी सही करते.

हेडमास्तर : सही? तुम्हाला सही येते?

मावशी : बोटं गेली, सर, अक्षर नाही गेलं. मला बरं होऊन बारा वर्षं झाली. हिला बाराखडी कुणी शिकवली असं वाटतं तुम्हाला? चिंगे, पट्टा काढ.

(चिंगी पिशवीतून चिंधीचा पट्टा काढून मावशीच्या मनगटाला बांधते आणि त्यात पेन खोचते. सर्वांना समान मानणारे सर तेवढ्यात उठून खिडकी उघडतात. मावशी दातांत ओठ धरून, वेळ घेऊन, सगळा अर्ज भरते.)

मावशी : झालं. घ्या.

हेडमास्तर : असू द्या तिथंच. जरा वाळू दे.

मावशी : बॉलपेन आहे, सर.

हेडमास्तर : तरी पण. मी इथूनच रजिस्टरात उतरवून घेतो. चष्मा चांगला आहे माझा. कागद जरा उभा धर, बाळ. हं... नाव, वय, पत्ता... अक्षर मात्र सुरेख आहे हो! आमच्या कारकुनापेक्षा... पालकाचे नाते... हे काय? इथं 'आई' लिहिलंय.

मावशी : हो.

हेडमास्तर : अहो, आई तर वारली ना? तुम्ही मावशी. तेही सख्ख्या नाही.

मावशी : 'मावशी'ला तीन अक्षरं लागतात, सर. शेवटी शेवटी मनगट फार दुखायला लागलं. 'आई' दोनात झालं.

हेडमास्तर : असं चालत नाही! दुसरा अर्ज... छे, कोरे अर्ज कपाटात, आणि किल्ली कारकुनाच्या खिशात.

मावशी : मग खोडा की. तुमच्या हातानं खोडा आणि बाजूला सही करा. खाडाखोडीला साहेबाची सही लागतेच.

चिंगी : सर, घ्या ना कागद. माझा हात दुखला.

हेडमास्तर : नको नको, तूच धर. मला... मला इथून दिसतंय सगळं.

मावशी : नाहीतर रजिस्टरातच 'मावशी' लिहा.

हेडमास्तर : तसं कसं? अर्जात एक आणि रजिस्टरात एक, तपासणीत मीच अडकेन! जे अर्जात, तेच रजिस्टरात.

मावशी : मग काय करायचं, तुम्हीच सांगा. तुमची शाळा, तुमची लेखणी.

हेडमास्तर : ...आ... ई. झालं एकदाचं. उद्या सकाळी साडेदहाला पाठवा. आणि तो कागद फाइलीत सरकव, बाळ. फाइल मिटून टाक. घट्ट.

मावशी : उपकार झाले, सर. चला गं. फरशी ओली आहे, जपून.

चिंगी : मावशी, सरांनी शाईनं लिहिलं. मी उलटीकडून वाचलं.

मावशी : मीपण वाचलं.

चिंगी : मग आता घरी गेल्यावर तुला काय म्हणायचं?

मावशी : शाळेत जे शिकवतील, ते म्हणायचं.