पिशवीचा अभ्रा

…नाही, पण मी म्हणते, लघवीच्या पिशवीला अभ्रा कोण शिवतं हो? आमच्याकडे शिवतात! निळं कापड, वर पांढरी फुलं, खाली झालर! सासूबाईंनी शिवला, कारण माणसं भेटायला येणार आणि "मेलं ते चारचौघांत दिसायला नको!" सासऱ्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं, दुर्बिणीतून, चीर नाही, टाका नाही, फक्त एक नळी, नळीला पिशवी आणि पिशवीला… झालर! मला तेव्हाच कळत होतं, तुम्हाला सांगते, की अहो, पिशवी झाकलीत तर आत काय चाललंय ते बघणार कोण? पण सांगणार कशी? मी पडले अबोल! त्यात नवी नवरी. या घरात तोवर माझी एकूण वाक्यं दोन: "चहा ठेवू?" आणि "ठेवला."

शिवाय या घरात त्या गोष्टीला नावच नाही. सासूबाई म्हणतात "ते." नवरा म्हणतो "आउटपुट," जसा काही कारखानाच चालवतोय! घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "लालसर आली तर घाबरू नका, पाणी पाजत राहा. पण यायचीच थांबली तर तडक फोन करा!" नवऱ्यानं मान डोलावली, सासूबाईंनी लाजून खिडकीबाहेर बघितलं, आणि ऐकलं कोणी? मी. ऐकण्यात आपला हात कोण धरणार!

तर त्या दुपारी पाहुणे. सासऱ्यांची बहीण, म्हणजे आमच्या आत्या, आणि शेजारचे मास्तर. सासरे आरामखुर्चीत, अभ्रा खुर्चीच्या दांडीला. मी ट्रे घेऊन उभी, आणि बघते तर काय, पंख्याच्या वाऱ्यानं झालरीसकट अभ्रा उडतोय! आता मला सांगा, भरल्या पिशवीचा अभ्रा उडेल का हो? सकाळी कामावर जाताना नवऱ्यानं रिकामी केली ती तशीच, लुळी! आणि सासरे? कपाळावर घाम, हात ओटीपोटावर आणि तोंडानं, "छान, एकदम छान, काही त्रास नाही!" बोलायला हवं होतं मी. पण मी पडले अबोल! काय केलं? बिस्किटं पुढे केली. शाबास! माणूस तुंबलाय आणि सूनबाई बिस्किटं वाटतेय!

शेवटी सासूबाईंच्या कानाशी लागले. "आई, ते… थांबलंय वाटतं."

"शू! पाहुणे गेले की बघू."

आणि पाहुणे कसले जातायत? आत्या स्वतःच्या पित्ताच्या खड्यांवर आलेल्या, अजून पहिल्याच खड्यावर होत्या!

मग स्वयंपाकघरात जाऊन हॉस्पिटलला फोन लावला. सिस्टर म्हणजे तोफ! "पेशंटजवळ जा! नळीला पीळ पडलाय का बघा! पोट कडक झालंय का विचारा!" विचारा? मी? सासऱ्यांना? आत्यांसमोर?

काय अंगात आलं देव जाणे, तशीच गेले, अभ्रा खस्सकन ओढला आणि ओरडले, "बाबा, लघवी सकाळपासून थांबलीय ना? खरं सांगा!"

मास्तरांचं बिस्किट चहात बुडालं. ते वर काढायचं भान कुणाला नव्हतं.

"हो गं," सासरे कण्हले, "पोट फुटायची वेळ आलीय. पण सुनेशी कसं बोलायचं हे…?"

घ्या! म्हणजे घरात अबोल मी एकटी नव्हते!

रिक्षात घालून नेलं. नळीत रक्ताची गाठ अडकलेली. सिस्टरनं मोठ्या सिरिंजनं पाणी ढकललं, ओढलं, पुन्हा ढकललं, आणि एकदाची धार सुटली. सासऱ्यांनी असा सुस्कारा सोडला की माझे डोळेच भरून आले. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं बोललात. अजून उशीर झाला असता तर कठीण होतं."

अभ्रा आता मिक्सरवर असतो. आणि माझं काय झालंय म्हणता? सकाळी डोळे उघडतायत न उघडतायत तोच सासऱ्यांची हाक, "सूनबाई, आज अगदी स्वच्छ हं, पाण्यासारखी!" मास्तर जिन्यात अडवतात, "मुली, मला जरा थांबून थांबून होते, काय करू?" आत्यांचा फोन तर ठरलेला.

परवा माहेरून आईनं विचारलं, "रुळलीस का गं? बोलतात का सगळे तुझ्याशी मोकळेपणानं?"

म्हटलं, "बोलतात गं आई, अगदी मोकळेपणानं बोलतात. विषय तेवढा बदलत नाहीत… आणि बदला म्हणून सांगणार कोण? मी पडले अबोल!"