खारकेचं दूध

मालनबाई : ऑफिसात आता रक्तही काढतात काय व?

दीपाली : काय?

मालनबाई : कोपराच्या खळग्यात कापूस आहे तुह्या. चिकटपट्टी लावलेला. सकाळी डबा घेऊन गेली तेव्हा नव्हता.

दीपाली : हेल्थ चेकअप होतं कंपनीचं. सगळ्यांचंच रक्त घेतलं.

मालनबाई : बस इथं.

दीपाली : आई, मी फार दमलेय. उद्या बोलू ना.

मालनबाई : रोजच दमते तू, अन् रोजच उद्या. मी आज टीव्ही बंद करून बसली आहे. बस.

दीपाली : बसले. बोला.

मालनबाई : प्रज्ञेश अमेरिकेले गेला तेव्हा उन्हाळा होता. आता स्वेटर काढायचे दिवस आले. मी त्याची माय आहे, पण त्याच्या आधी बाई आहे. माह्यापासून लपवू नको. कितवा चालू आहे?

दीपाली : कितवा काय?

मालनबाई : महिना.

दीपाली : ...तुम्ही काय विचारताय, कळतंय का तुम्हाला?

मालनबाई : कळते. कचऱ्याची पिशवी कचरेवाल्याले मीच देते ना? पेपरात गुंडाळलेल्या पुड्या दिसत होत्या दर महिन्याले. कधी उशिरा, कधी लवकर, पण दिसत होत्या. मग दिसणं बंद झालं. तुह्यं तोंड सुजलं, वजन वाढलं. रविवारी दुपारी झोपली की दिवा लावायच्या वेळेपर्यंत उठत नाही. मी दोन लेकरं काढली आहेत पोटातून. आणखी काय सांगायला पाहिजे कोणी?

दीपाली : वा. म्हणजे नवरा सहा महिने न्यू जर्सीत, आणि मी इथे हडपसरला... छान. कोणाचं आहे, तेही ठरवून टाकलं असेल तुम्ही.

मालनबाई : ते मी विचारलं का? एका शब्दानं विचारलं का?

दीपाली : नाही विचारलंत.

मालनबाई : विचारणारही नव्हती. पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी जेवली नाही, हे खरं आहे. तू ऑफिसले गेलेली. खिडकीत बसून राहिली दिवसभर. रागही आला. भंडाऱ्याले निघून जावं, असंही मनात आलं. मग वाटलं, पोरगी पहाटे उठते, कॅबमध्ये बसते, अंधारात येते, एकटीच जेवते. माह्या पोरानं तरी तिले काय दिलं? रविवारचा फोन. अन् निघून गेली तर भंडाऱ्यात तरी माह्यं कोण बसलं आहे?

दीपाली : आणि प्रज्ञेशला काय सांगणार होतात?

मालनबाई : तोवर विचार पोचला नव्हता. लेकरू घरात आलं असतं, मग पाहिलं असतं.

दीपाली : आई, माझ्याकडे बघा. मला दिवस गेलेले नाहीत.

मालनबाई : मग ते रक्त?

दीपाली : थायरॉइडचं आहे. गळ्यात इथे एक ग्रंथी असते, तिचं काम मंदावलंय माझं. ती मंदावली की सगळंच मंदावतं. वजन वाढतं, थंडी वाजते, झोप झोप होते, तोंड सुजतं. तुम्ही पाहिलंत ते सगळं खरंच होतं. फक्त कारण वेगळं.

मालनबाई : अन् पाळी?

दीपाली : तीपण त्याच्यामुळेच. दर महिन्याला बीज तयार होऊन सुटायला हवं ना, ते वेळेवर सुटतच नाही. मग पाळी लांबते, चुकते, कधी आली तर थांबत नाही. आणि बीजच सुटलं नाही तर मूल कुठून राहणार? लग्नाला चार वर्षं झाली. तुम्ही बोलला नाहीत कधी, पण तुमच्या बहिणीचा फोन आला की तुम्ही गॅलरीत जाऊन बोलायचात. दार लावून.

मालनबाई : तिले बोलायचं भान नाही. तुह्या कानावर पडू नये म्हणून जात होती.

दीपाली : मला वाटायचं, माझ्याबद्दलच चाललंय.

मालनबाई : तुह्याबद्दलच चालायचं. ती बोलायची, मी फोन ठेवून द्यायची.

दीपाली : ...हे मला माहीत नव्हतं.

मालनबाई : मंदावलं म्हणजे चुलीत ओलं लाकूड घातल्यासारखं म्हण. जळते, पण आधण येत नाही.

दीपाली : अगदी तसंच. पण औषध आहे त्याला. साधी गोळी आहे, इवलीशी. रोज घ्यायची. रक्तातला आकडा जागेवर आला की पाळी आपोआप सुधारते, आणि बऱ्याच जणींना मूलही राहतं. डॉक्टरांनी प्रज्ञेश गेल्यावर सुरू केली. म्हणाल्या, तो जानेवारीत येईपर्यंत सगळं सुरळीत होईल. सुरुवातीला आकडा उतरतही होता.

मालनबाई : मग आज काय झालं?

दीपाली : वाढलाय. पहिल्यापेक्षाही वाढलाय. मागच्या वेळी डोस वाढवला होता, तरी. आज त्यांनी सकाळचा रिपोर्ट पाहिला, खात्री करायला पुन्हा रक्त काढलं. मी बाहेर बाकावर बसले होते. सदाशिव पेठेतला दवाखाना, मूल होत नसलेल्यांचा, एक जिना आणि सगळी जोडपीच बसलेली. नर्सनं विचारलं, मिस्टर कुठे आहेत? म्हटलं, न्यू जर्सीत. म्हणाली, मग आपण इथे कशाला येता?

मालनबाई : असं बोलली?

दीपाली : सगळे हसले. मीपण हसले. हसायलाच लागतं. मग डॉक्टरांनी आत बोलावून विचारलं, गोळी कशी घेता? म्हटलं, पहाटे, उपाशीपोटी. कशाबरोबर? म्हटलं, दुधाबरोबर. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, मग आकडा का वाढला ते दुधालाच विचारा.

मालनबाई : कोणतं दूध?

दीपाली : पहाटेचं.

मालनबाई : माह्यं दूध?

दीपाली : दुधातल्या कॅल्शियममुळे ती गोळी अंगी लागत नाही, आई. नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते, आणि तासभर तोंडात काही घालायचं नसतं. मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसं. माझीच चूक आहे.

मालनबाई : पुड्या दिसणं बंद झाल्यापासून खारीक कुटून घालत होती मी त्यात. भंडाऱ्याहून मागवली होती. पोटातल्याले हाडं धरावी म्हणून.

दीपाली : मला ते माहीत नव्हतं. मला वाटलं, चार वर्षं झाली, मूल नाही, म्हणून बोलून न दाखवता टोमणा मारताय. रोज पहाटे, ग्लास भरून. तुम्ही गॅसकडे वळलात की मी पर्समधली गोळी तोंडात टाकायचे आणि घटाघट पिऊन टाकायचे. दोन्ही कामं एकदम उरकायची.

मालनबाई : माह्यासमोर पाण्यासोबत घेतली असती तर?

दीपाली : तुम्ही विचारलं असतं, कसली गोळी.

मालनबाई : मग सांगायचं होतं.

दीपाली : बघायला आला होतात तेव्हा तुम्ही माझ्या आईला पहिलाच प्रश्न काय विचारलात, आठवतं? पोरीले काही दुखणंबिखणं नाही ना. तेव्हा नव्हतंच काही. मग निघालं. मी म्हटलं होतं प्रज्ञेशला, आईंना सांगू या म्हणून.

मालनबाई : म्हणजे त्याले माहीत आहे.

दीपाली : हो.

मालनबाई : पहिल्यापासून?

दीपाली : हो. तो म्हणाला, आईला नको सांगू, ती सगळ्या भंडाऱ्याला फोन करून सांगेल.

मालनबाई : ...मी कोणाले सांगणार होती? तुह्या सासऱ्यांच्या मागं घर विकून त्यानं मले इथं आणलं. ह्या मजल्यावर चार दारं आहेत, चारही बंद. लिफ्टमध्ये लोक आकड्यांकडं पाहत उभे राहतात. मी जय भीम करते, तर मान हलवतात अन् उतरून जातात. दिवसातून एकदा कचरेवाला बेल वाजवते, अन् पहाटे तू दूध पिते. एवढीच माह्यी दोन माणसं.

दीपाली : मलाही दुसरं कोणी नव्हतं, आई. ऑफिसात सांगायची सोय नाही, आईला सांगितलं तर ती रडत बसते. प्रज्ञेश फोनवर म्हणतो, टेन्शन घेऊ नको. मी त्या दवाखान्यातून निघते, रिक्षात बसते आणि एकटीच घरी येते. घरी तुम्ही होतात. भिंतीपलीकडे.

मालनबाई : होती ना. जागीच होती.

दीपाली : आता जानेवारीपर्यंत आकडा खाली येईल का, कोण जाणे. डॉक्टर म्हणाल्या, वेळ लागेल. तो तीन आठवड्यांसाठीच येणार आहे.

मालनबाई : ह्या खेपेस नाही, तर पुढच्या खेपेस. त्याले रविवारी मीच सांगते, माह्यापासून काही लपवायचं नाही म्हणून. जेवून घे. वरण गरम करते.

दीपाली : तुम्ही जेवलात?

मालनबाई : आज दोन ताटं घेऊ.

(दुसऱ्या दिवशीची पहाट. स्वयंपाकघर.)

दीपाली : ही बघा. एवढीशी असते.

मालनबाई : एवढीशीसाठी एवढं लपवलं. घे. पाणी माठातलं देऊ का कोमट?

दीपाली : कुठलंही. ...झालं.

मालनबाई : आता तासभर चहाही नाही?

दीपाली : नाही. दूध तर सकाळी नकोच म्हणाल्यात. रात्री चालेल.

मालनबाई : रात्री तू येते केव्हा, पिते केव्हा.

दीपाली : येईन लवकर. एक कॅब आधीची असते. मीच घेत नव्हते.

मालनबाई : काहून?

दीपाली : घरी येऊन करायचं काय, म्हणून.

मालनबाई : हं.

दीपाली : तुम्ही आडव्या व्हा थोडा वेळ. बुद्धवंदनेला अजून अवकाश आहे. माझ्यासाठी नका ताटकळू.

मालनबाई : बसते इथंच. रोज ह्या वेळेले खारीक कुटायची सवय झाली, झोप येत नाही.

दीपाली : आई, डोळे का पुसताय? रात्री तर म्हणालात, बरं झालं, सगळं मोकळं झालं.

मालनबाई : बरंच झालं. चांगलंच झालं. तुह्यावर नाही रडत मी.

दीपाली : मग?

मालनबाई : इतके दिवस घरात होतं ना ते लेकरू. माह्यापुरतं.