सरफराज बंद पडला तर?

नाही, पण मला सांगा, माणूस बंद पडतो का? पंखा बंद पडतो, मिक्सर बंद पडतो, इंदिरानगरच्या बोगद्यात ऐन गर्दीत रिक्षा बंद पडते... पण धडधाकट माणसाला कुणी तोंडावर विचारतं का, तुम्ही बंद पडलात तर?

वेदिका मॅडमनी विचारलं, मला, म्हणजे सरफराजला. तुम्हाला सांगतो, आमचं ऑफिस सातपूरला, कारखान्यांची हजेरी, शिफ्ट, पगार सगळं आम्ही क्लाउडवर चालवतो, त्याचं नवं डिझाइन मी केलेलं, आणि ते तपासायला पुण्याहून ह्या मॅडम. त्यांनी पास केलं की मला रजा, कारण रविवारी मालेगावात माझी मंगनी. अदिबा मला पहिल्या भेटीतच आवडलेली, खोटं कशाला बोलू.

मॅडमनी चहा बाजूला सरकवला आणि सुरू. "हा सर्व्हर बंद पडला तर?" म्हटलं, दुसरा आहे. "ते अख्खं डेटा सेंटरच बंद पडलं तर?" म्हटलं, दुसऱ्या शहरात सगळं तयार आहे. "बॅकअप परत चढवून बघितलाय कधी?" आता इथे भलेभले गप्प बसतात, मी म्हटलं, बघितलाय, चालतो. आमचे शेखरसर असे बघत होते जसा काही त्यांचा मुलगा बोर्डात आलाय... आणि मी फुगलो ना. तिथेच माती खाल्ली.

"पासवर्ड कुणाकडे?" म्हटलं, मॅडम, सगळे माझ्या डोक्यात, दुसऱ्या कुणाला एक अक्षर माहीत नाही. छाती पुढे काढून सांगितलं हो. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि तुम्ही बंद पडलात तर?"

रजा गेली. शेखरसर म्हणाले, "आपल्या ज्युनियर आयुषला सगळं शिकव, तोवर रविवारचीही सुट्टी नाही, मग जा." अम्मीने डोकं धरलं, "हॉल सांगितला, मिठाई सांगितली, आता तुझ्याशिवाय मंगनी करू का रे?"

शेवटी घाबरत घाबरत अदिबाला फोन केला, म्हटलं, रविवारी नाही जमत, पुढच्या महिन्यात बघू... चिडेल, रडेल, काहीतरी करेल ना? नाही. शांतपणे म्हणाली, "टेन्शन घेऊ नका. अब्बा पहिल्यापासून म्हणत होते, हा मुलगा ऐन वेळेला आला नाही तर? धुळ्याचं एक स्थळ त्यांनी तयारच ठेवलंय. रविवारी ते येतायत."

आता तुम्हीच सांगा... अदिबाच्या अब्बांच्या डिझाइनमध्ये चूकच काढता येत नाही.