बॅकअपची ट्रायल

अगं, सायकलवरून समुद्र गाठायचा म्हणजे आधी माझ्या हॉलमध्ये मीटिंग लागते! आमचे हे चाकणच्या कंपनीत प्लॅनिंगला. ह्यांचा बेत असा: पहाटे मोशीतून निघायचं, ताम्हिणी घाट उतरायचा आणि संध्याकाळी दिवेआगरला पाण्यात पाय. हे धरून चार मित्र दर रविवारी माझे पोहे खातात आणि सोफ्यावर बसून घाट उतरतात. पाटील भाऊजी तर शेजारच्या सोसायटीतून मीटिंगला कारने येतात.

शेवटी मीच विचारलं, "उतराल हो, पण परत येताना घाट चढणार कोण?"

मग हे म्हणाले, "तू आहेस ना! बॅकअप गाडी तूच आणणार."

"मला कधी विचारलंत?"

"वहिनी, पहिल्या मीटिंगपासून प्लॅनमध्ये तुम्हीच आहात," पाटील भाऊजी म्हणाले.

म्हटलं, मग ट्रायल तर घ्यायलाच हवी. गेल्या रविवारी आम्ही चौघी बायकांनी गाडी काढली आणि थेट दिवेआगर गाठलं. तिथून ह्यांना सुरमईच्या ताटाचा फोटो पाठवला.

लगेच उत्तर आलं: "मस्त! सायकली लावायला सावली आहे का बघून ठेव. आणि पोहे कुठल्या डब्यात आहेत? मीटिंग सुरू झालीय."