वाचनालयाच्या फलकावरचे शेवटचे नाव

जबाब (अर्ज चौकशीकामी)
दिनांक ११ जुलै २०२५

मी, गुलाब मोतीराम भैसारे, वय ७२ वर्षे, धंदा काही नाही, पूर्वी जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत शिक्षक, राहणार मौजा येंगाडा, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली. जात विचारल्यावरून बौद्ध असे सांगितले. समक्ष पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून आलो असून माझ्यावर कोणाचा दाब नाही. विचारले त्याप्रमाणे सांगतो ते असे.

मी वरील गावी मुलगा व सून यांच्यासह राहतो. नोकरीत असताना तिसरी-चौथीला मराठी शिकवीत होतो. आमच्या वेळी कविता आधी चालीत यायची, अर्थ मागाहून यायचा. माझे गुरुजी खिडकीबाहेर पाहत म्हणत आणि आम्ही तिकडेच पाहत मागून म्हणत असू. त्या खिडकीतून तलावाची पाळ दिसायची. येथे हवालदार श्री. दादाजी मडावी यांनी "गुरुजी, अर्जाचं बोला" असे सांगितल्याने पुढे सांगतो.

सेवानिवृत्तीनंतर मी विहाराशेजारच्या खोलीत गावाचे वाचनालय चालवितो. तेथे पुस्तके, एक पंखा, दोन बाके व पाच संगणक आहेत. संगणक गडचांदूरकडील एका कारखान्याच्या ऑफिसातून जुने म्हणून काढलेले होते. तेथे नोकरीस असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने रीतसर कागद करून ते वाचनालयास आणून दिले. काही दिवसांत त्यांच्या पडद्यावर, आतील व्यवस्था जुनी झाली, नवी विकत घ्या, अशी इंग्रजीत सूचना येऊ लागली. तालुक्याच्या एका दुकानदारास दाखविले असता तो म्हणाला, "नवीन टाकून देतो गुरुजी. ओरिजनल नसते ते, पण चालते. समदे असंच टाकतात." मी नको म्हणालो. वाचनालयात चोरीचे पुस्तक ठेवत नाही, तर चोरीचे हे कसे ठेवणार. त्यानंतर संगणक जुन्या लुगड्यांखाली झाकून ठेवले होते.

संघप्रिया ही माझा विद्यार्थी अश्वजित याची मुलगी. ती संगणकाचे शिक्षण घेऊन दीड वर्षापूर्वी गावी आली. तिने लुगडी काढली. पाचही संगणकांत तिने लिनक्स नावाची संगणक चालविणारी व्यवस्था व तीवर चालणारे लिहिण्याचे, हिशेबाचे, चित्रांचे आणि आकाशातील तारे दाखविणारे प्रोग्राम टाकले. त्यावेळी आमचे बोलणे झाले ते आठवते तसे सांगतो.

मी विचारले, "पोरी, हे कोणाचं?"

ती म्हणाली, "कोणा एकाचं नाई गुरुजी. कोणीबी घ्यावं, कोणालेबी द्यावं, मोडून पाहावं, सुधरवावं."

"बिल?"

"बिल नसते."

"मंग बनवणाऱ्याले काय भेटते?"

"काई लोकाईले पगार भेटते, काई घरी बसून हौसेनं करतात. पण नाव राह्यते समद्याईचं. हे पाहा."

असे म्हणून तिने एक पान उघडून दाखविले. त्यावर ज्यांनी ज्यांनी तो प्रोग्राम लिहिला त्यांची नावे होती. मी चष्मा पुसून ती वाचली. जुन्या पाठ्यपुस्तकात शेवटी कवींची ओळख असायची, मुले ते पान कधी वाचत नसत, मी वाचीत असे.

मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष इस्तारी हेही तेथे हिशेब शिकण्यास येत. पहिल्या दिवशी त्यांनी दारातूनच विचारले, "गुरुजी, फुकटचा माल हाय म्हणते. पाहून घेतला ना? वास तर नाई येत?" संघप्रिया म्हणाली, "काका, तुमच्या टोपलीपेक्षा कमीच येते." ते आता संस्थेचे सर्व काम तेथेच करतात.

तारे दाखविणाऱ्या प्रोग्रामबद्दल ठाणेदार साहेबांनी विशेष विचारले म्हणून सांगतो. दुपारी खिडक्यांना पोती लावून मुले जमिनीवर उताणी निजतात आणि शाळेच्या प्रोजेक्टरने भिंतीवर पाडलेले आकाश पाहतात. शाळा त्यासाठी मुलांना आठवड्यातून एकदा पाठविते. आधी त्यात सर्व इंग्रजी होते. संघप्रिया बरेच महिने बसून त्याचे मराठी करीत होती. एकदा तिने मला विचारले, "गुरुजी, सप्तर्षी तर लिहिलं, पण आपल्या इकडं म्हातारे काय म्हणत?" मी सांगितले की माझी आई त्यास म्हातारीची बाज म्हणे. चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर, आणि मागचे तीन म्हणजे बाज चोरायला आलेले चोर. म्हातारी जागीच असते म्हणून बाज अजून गेलेली नाही. संघप्रियाने ते तसे प्रोग्राम करणाऱ्यांकडे पाठविले, आणि पुढे प्रोग्राम नवा आला तेव्हा त्यात म्हातारीची बाज असे नाव उमटले. ते आता जगात कोठेही मराठीत उघडले तरी दिसते असे ती म्हणाली. येथे मी चार ओळी म्हणून दाखविल्या. त्या विषयास धरून नसल्याने लिहिण्यात आल्या नाहीत.

आता फलकाबाबत. आमच्या वाचनालयाची रीत अशी की ज्याने वस्तू दिली त्याचे नाव लागते. पंख्याच्या पात्यांवर देणाऱ्याच्या वडिलांचे नाव आहे, ते पंखा बंद असताना वाचता येते. पाण्याच्या टाकीवर नाव आहे. कपाटावर दोघांची आहेत, त्यांचे आपसात जमत नाही म्हणून दोन दारांवर वेगवेगळी. मग ज्यांनी एवढे मोठे काम दिले त्यांचे नाव कोठेच नाही, हे मनास बरे वाटेना. म्हणून बुद्धपौर्णिमेपूर्वी मी त्या पानावरील काही नावे कागदावर उतरवून घेतली व विनोद पेंटर यास दारावरील देणगीदारांच्या फलकावर लिहावयास सांगितले. संघप्रियास अचंबा वाटावा म्हणून आधी सांगितले नव्हते.

नावे अशी: इन्ग्रिड सोल्बर्ग, तादेउश विल्क, झोपाळू अस्वल, तिसरा चंद्र, टेंभूर. यातील अस्वल व चंद्र ही त्या लोकांनी स्वतः घेतलेली टोपणनावे असून अर्थ विचारून मी त्यांचे मराठी केले. लिहिताना विनोद म्हणाला, "गुरुजी, अस्वलबी देणगीदार हाय काय? मागच्या साली माह्या काकाच्या मोहाच्या झाडाखाली आलतं ते हेच का?" मी त्यास नीट लिही म्हणालो. त्याने निळ्या रंगात चांगले लिहिले आहे.

दिनांक २ जुलै रोजी पोलीस वाचनालयात आले व फलकाचे फोटो काढले. मला समजले की एक अर्ज आला असून त्यात, जंगल भागातील वाचनालयास परदेशी व्यक्ती देणगी देतात, आणि फलकावर गुप्त नावे लिहिलेली आहेत, असे म्हटले आहे. अर्ज कोणाचा असे मी विचारले असता तो निनावी असल्याचे सांगण्यात आले. मी म्हणालो की तक्रार करणाऱ्याचे नाव नसले तर चालते, देणाऱ्याचे नसले तर का चालत नाही. साहेबांनी, प्रश्न विचारण्यासाठी मी येथे बसलो आहे, असे सांगितले. ते खरे आहे.

इन्ग्रिड व तादेउश यांना मी ओळखत नाही. कधी भेटलो नाही, पत्रव्यवहार नाही. त्यांच्याकडून पैसा आला नाही, मागितला नाही. त्यांनी हे येंगाड्यासाठी केले का, असे विचारले असता, नाही. येंगाडा कोठे आहे हे त्यांना माहीत असण्याचे कारण नाही. मग आपल्याला कसे मिळाले, तर ते सर्वांसाठीच ठेवलेले आहे. अस्वल व चंद्र यांची खरी नावे मला माहीत नाहीत. टोपणनाव घेणारा माणूस काहीतरी लपवीत असतो, असे साहेब म्हणाले. मी सांगितले की आमच्या पुस्तकात निम्मे कवी टोपणनावाचे होते आणि आम्ही त्यांच्या कविता शिपायापासून इन्स्पेक्टरपर्यंत सर्वांसमोर म्हटल्या.

यानंतर साहेबांनी फोटोतील शेवटच्या नावावर बोट ठेवले. ते म्हणाले, "बाकीचे लांबचे असतील. हा टेंभूर मात्र इथलाच आहे. टेंभूर काय परदेशात पिकतो? कोण आहे हा?"

मी उठून दारातून बाहेर पाहिले.

प्रश्न पुन्हा विचारण्यात आला. मी पाणी मागितले, ते देण्यात आले. मी किती वाजले ते विचारले. गडचिरोलीस जाणारे टपाल निघाले काय हेही विचारले. शिपाई टपालाच्या बॅगा बांधीत होता. याआधीही मी दोन वेळा उठून बाहेर पाहिल्याचे हवालदारांनी लक्षात आणून दिले व खुर्चीवर बसण्यास सांगितले. मी बसलो.

टपालाचे कारण असे. संघप्रिया सकाळपासून ठाण्याच्या ओसरीतील बाकावर बसलेली आहे. तिला नागभीड येथील एका शाळेत संगणक शिक्षिका म्हणून नेमणूक मिळाली असून सोमवारी हजर व्हावयाचे आहे. त्यासाठी पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते. तिचा कागद याच ठाण्यात असून वाचनालयात संगणक तिनेच लावले म्हणून त्यावर "चौकशी सुरू" असा शेरा पडला आहे. तो शेरा घेऊन कागद गेला, किंवा आज गेलाच नाही, तर प्रतीक्षा यादीतील पुढचे नाव घेतले जाईल. याआधी तिच्या दोन जागा अशाच गेल्या आहेत, त्यांची कारणे वेगळी होती. तिला शिकविण्यासाठी अश्वजितने काय विकले ते येथे सांगत नाही.

टेंभूर कोण हे सांगितले तर जंगलातले टोपणनाव तिच्या कागदाला चिकटेल असे मला वाटले. न सांगितले तर मी कोणाला तरी लपवितो असे दिसेल, आणि शेरा तसाच राहील. शिवाय मी शब्द दिलेला होता. फलकावर तुझे नाव घालू काय, असे मी एकदा सहज विचारले होते. तेव्हा ती म्हणाली होती, "माहं नाव नका टाकू गुरुजी. तिथी प्रोग्रामवाल्याईत मले टेंभूर म्हणतात. चांगलं काम केलं तर चांगलं म्हणतात, चुकलं तर चुकलं म्हणतात. आडनाव कोणी विचारत नाई." म्हणून मी नाव न घालता टेंभूर घातले. माझ्या मते त्यात तिचा शब्दही राहिला आणि रीतही राहिली. त्याचे असे होईल हे लक्षात आले नाही.

मी साहेबांची परवानगी घेऊन ओसरीत गेलो. हवालदार सोबत होते.

संघप्रिया म्हणाली, "काऊन गुरुजी, झालं?"

मी म्हणालो, "नाई. शेवटचं नाव विचारून राह्यले."

तिने हातातली फाईल उघडून पुन्हा मिटली. मग म्हणाली, "मंग सांगून टाका ना. मी का कोणाची बाज चोरली?"

"तुले नको होतं ना नाव."

"तिथी नको होतं. इथी लिहू द्या. पुरं लिहू द्या, आडनावासकट. नाई तर म्हणतील लपवते."

"पोरी, मी पुसून टाकू का फळा?"

"तुम्ही इतक्या वर्षांत कधी फळा पुसला काय? पोट्ट्याईकडूनच पुसून घेत होते." असे म्हणून ती हसली व फाईल मांडीवर पालथी ठेवली. हवालदारही हसले.

त्यानंतर आत येऊन मी सांगतो की, फलकावरील टेंभूर म्हणजे संघप्रिया अश्वजित बोदेले, राहणार येंगाडा. तिने तारे दाखविणाऱ्या प्रोग्रामचे मराठी केले. त्याबद्दल कोणाकडून काही घेतले नाही. ती उन्हाळ्यात तलावाच्या पाळीवरच्या टेंभुराच्या झाडाखाली बसून काम करीत असे म्हणून तिने ते नाव घेतले, दुसरा हेतू नाही. फलकावर लिहिण्याचे काम माझे, तिचे नव्हे.

साहेबांनी असे सुचविले की फलक पुसून टाकावा, म्हणजे अर्ज निकाली काढणे सोपे जाईल. मी त्यास तयार नाही. पंख्यावरचे नाव पुसत नाही तर हे का पुसावे. मात्र जुन्या पुस्तकात टोपणनावाखाली कवीचे पूर्ण नाव छापीत असत, त्याप्रमाणे टेंभूर या नावाखाली संघप्रिया अश्वजित बोदेले असे विनोदकडून लिहून घेतो. अस्वल व चंद्र यांचे जसे आहे तसे राहील, कारण मला माहीत नाही आणि मी ते बनवून सांगणार नाही.

माझी एकच विनंती आहे. पडताळणीच्या कागदात, सदर व्यक्तीबद्दल ठाण्यास काय माहिती आहे, असा रकाना आहे. ठाण्यास आता जी माहिती आहे ती या जबाबात आहे. तो त्या कागदास जोडावा.

हा जबाब हवालदार श्री. मडावी यांनी मला सावकाश व मोठ्याने वाचून दाखविला. संघप्रिया दारात उभी राहून ऐकत होती. म्हातारीच्या बाजेजवळ हवालदार थांबले व म्हणाले, "आमच्या गोंडीत याले कटुल म्हणतात. चोर तेच. ते टाकलं काय तिनं?" तिने दारातूनच नाही म्हणून सांगितले, व टाकते म्हणाली. पुढे त्यांनी तिचे नाव आडनावासह पूर्ण वाचले. मी बोललो तेच लिहिले आहे, कमी-जास्त नाही, म्हणून खाली सही करतो.

सही
गुलाब मोतीराम भैसारे

समक्ष
दादाजी मडावी, हवालदार

नोंद: साहेबांच्या आदेशाने, "चौकशी सुरू" हा शेरा कमी करून, वरील जबाबाची प्रत संघप्रिया अश्वजित बोदेले यांच्या पडताळणी कागदास जोडली. शिपायास थांबवून आजच्याच टपालात दिली.
दा. म.