दहाव्याला गेलेला मुरलीशेठ

मंडळी, एक सांगा — दुसऱ्याच्या दुःखाला आपण जातो ते कशाला? डोळे पुसायला, की घर मापायला? हसू नका! दहाव्याच्या प्रवचनाला जाताना माझ्याही खिशात कार्डं असतात — ‘कीर्तनासाठी भेटा’!

तर ऐका. कऱ्हेकाठी मुरलीशेठ नावाचा गृहस्थ. घरं स्वस्तात घ्यायची, महाग विकायची. खांबाखांबावर त्याची पाटी — ‘घर विकायचंय? आठ दिवसांत रोख!’ मंत्र एकच — अडलेला माणूस शोधा, भाव तोच सोडतो. आणि अडलेली माणसं भेटतात कुठं? दहाव्याला! एक दहावा चुकवायचा नाही. लोक म्हणायचे, काय मायाळू माणूस!

रंगूअण्णा बोरावके गेले. मुलगा सोपान पुण्याला. त्याला घर विकून मोकळं व्हायचं होतं. आईला, गजराकाकूंना, कुणी विचारलंच नाही. मुरलीशेठशी बोली झाली — कावळा शिवला की लगेच इसार!

घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर — एक उतरेल तर शपथ! भाऊबंद म्हणाले, “अण्णा, काकूंना अंतर देणार नाही.” नाही! “वावर पडीक ठेवणार नाही.” नाही! ऊन चढलं. माझं प्रवचन संपून पुन्हा सुरू झालं — तरी कावळे उडून गेले नाहीत, हे त्यांचे उपकार! मुरलीशेठची चुळबुळ — पलीकडच्या गावात दुसरा दहावा गाठायचा होता ना!

तो सोपानच्या कानाशी लागला, “म्हण ना, घर विकणार नाही. म्हणायला काय जातंय?”

“तुम्हीच म्हणा शेठ. माझी जीभ रेटेना.”

अडला हरी गाढवाचे पाय धरी — हा तर कावळ्याचे धरायला निघाला! हात जोडले आणि खणखणीत ओरडला, “अण्णा! काकू आहेत तोवर तुमचं घर मी घेणार नाही, दुसऱ्याला घेऊ देणार नाही!”

झप्! कावळा पिंडावर!

सोपानची मान खाली. काकूंनी पदरानं डोळे टिपले. “मुरलीभाऊ, पोटच्या पोराला कळलं नाही ते तुम्हाला कळलं हो! जेवल्याशिवाय जायचं नाही. घर तुमचंच समजा.”

जेवला बिचारा. साऱ्या गावादेखत दिलेला शब्द, मोडणार कसा? आजही त्या दारात गिऱ्हाईक आलं, की हाकलायला मुरलीशेठ पुढं. राखणदार — तोही फुकटचा!

मंडळी, त्यानं शब्द दिला तो वेळ मारून न्यायला. देवानं तो पाळून घेतला. एक दिवस आपलाही पिंड घाटावर असेल. माझा कावळा कशाला अडणार, मला ठाऊक आहे — ‘बुवांचं थोडं बोलायचं राहिलंय!’

तुमचा कशाला अडेल?